टिकाऊ म्हंजे किती टिकाऊ?

कोल्हापुरात जेवायला बसल्यावर तांबडा रस्सा आधी की पांढरा, यावर अजून एकमत झालेलं नाही. तरी तिथं दोन्ही वाट्या निदान समोर असतात. जुन्या छऱ्याच्या पिस्तुलाला टिकाऊ रंग कुठला, हा वाद त्याहून अवघड. त्यात प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा डबा असतो, आणि ज्याच्याकडं डबा नाही त्याच्याकडं मत असतं.

पिस्तूल आमच्या दाजींचं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. नळी मोडून स्प्रिंग चढवायची, .१७७चा छर्रा घालायचा आणि चाप ओढायचा. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन धावतो, हवा दबते आणि छर्रा फुग्याच्या दिशेनं निघतो. पोचेलच याची हमी कंपनीनं दिली नव्हती. आता तर कंपनी कोणती हेही कळत नाही, कारण अंगावर कोरलेल्या अक्षरांपैकी ‘मेड इन’ एवढंच शिल्लक आहे. कुठं मेड, ते गंजाला ठाऊक.

दाजींना ते खंडेनवमीच्या आत नवं करायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडं शस्त्रं आणि अवजारं पूजतात. तलवार असलेली घरं मोजकीच. बाकीच्यांच्या पाटावर विळी, कोयता, पाने, शिवणाची कात्री आणि अलीकडं लॅपटॉप. त्या मेळ्यात दाजींच्या पिस्तुलाला मानाची जागा. पण त्याचा रंग असा काही उडाला होता की ते पूजेला मांडलंय की भंगारवाल्यासाठी काढून ठेवलंय, हे पाहुण्यांना विचारून घ्यावं लागे.

त्यातून आमचा जिल्हा नेमबाजांचा. तेजस्विनी सावंत इथली, राही सरनोबत इथली, आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्यामुळे घरात छऱ्याचं काहीही असलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला आपलं ऑलिंपिक थोडक्यात हुकलं असं मनातून वाटत असतं. दाजींचं फार थोडक्यात हुकलं. त्यांना फक्त नेम धरता येत नव्हता.

हवेचं पिस्तूल म्हणजे खेळणं, असं कुणी म्हणालं की दाजी थेट जेम्स बाँडला साक्षीला बोलावतात. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या प्रसिद्धीसाठी शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते आणि बाँडचं नेहमीचं वॉल्थर पीपीके आणायलाच लोक विसरले. फोटोग्राफर डेव्हिड हर्न हा हौसेनं हवेच्या पिस्तुलावर नेमबाजी करणारा. त्यानं आपलं वॉल्थर एलपी ५३ पुढं केलं. म्हणजे पोस्टरवर जगभरच्या खलनायकांना धाक घालणारं ते लांब नळीचं हत्यार प्रत्यक्षात छऱ्याचं होतं. २०१० साली क्रिस्टीजच्या लिलावात ते पावणेतीन लाख पौंडांच्या वर गेलं. ‘त्याला रंग कुठला होता?’ मी विचारलं. ‘कंपनीचा,’ दाजी म्हणाले आणि उठून चपला घातल्या. आम्ही हार्डवेअरच्या दुकानाकडं निघालो.

‘टिकाऊ स्प्रे द्या.’

‘टिकाऊ म्हंजे किती टिकाऊ?’

‘कायमचा.’

दुकानदारानं दाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘वय काय तुमचं?’

त्याच्या मागच्या फळीवर डबेच डबे. रंगाचा फवारा डब्यात भरायची ही युक्ती १९४९ची, अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एडवर्ड सेमोर यांची. त्यांना आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना झटपट मारून दाखवायचा होता, आणि डब्यातून फवारून बघा असं त्यांना बायकोनं सुचवलं. ही गोष्ट मी ताईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘आणि पेटंटवर नाव कुणाचं?’

डब्यांवर लाल मोटारींची चित्रं असतात आणि आतला माल गेटाच्या कडीला लागतो. दाजींची नजर मात्र सायलेन्सरच्या काळ्यावर खिळली. त्यावर लिहिलं होतं, ६०० अंश सेल्सिअस. ‘सहाशे अंश सोसतो म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?’

वस्तू घेताना माणूस नेमका नको असलेला गुण बघून भाळतो. शंभर मीटर पाण्याखाली चालणारं घड्याळ आंघोळीला जाताना काढून ठेवणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. दाजींच्या पिस्तुलाला आजवर लागलेली सर्वांत मोठी धग म्हणजे त्यांच्या तळहाताची. शिवाय त्या सिलिकॉनच्या रंगात एक गोम आहे. तो पक्का व्हायला आधी खरोखरच तापवावा लागतो, दोनशे अंशांच्या आसपास. बुलेटवर ते काम सायलेन्सर स्वतःच करतो. न तापवता ठेवला तर पेट्रोलच्या बोळ्यानंही तो हाताला येतो. म्हणजे पिस्तूल एकतर कुणाच्या तरी बुलेटच्या सायलेन्सरला बांधून पन्हाळ्याला न्यायचं, नाहीतर ताईच्या ओव्हनमध्ये ठेवायचं. ताईनं ओव्हनच्या दाराला पाठ लावून सांगितलं, ‘अहो, यात नानकटाई होते. पिस्तूल नाही.’

गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच होतं. ‘ड्यूको मारा.’ ड्यूपाँ कंपनीचं हे लॅकर १९२०च्या दशकातलं. त्याआधी मोटारीचं रंगकाम सुकता सुकता आठवडे जात. नायट्रोसेल्युलोजच्या या रंगानं ते तासांवर आणलं, आणि १९२४च्या मॉडेलच्या ओकलंड मोटारी निळ्या होऊन कारखान्याबाहेर पडल्या. शंभर वर्षं झाली. गॅरेजवाल्यापुरतं रंगशास्त्र तिथंच पूर्ण झालं. चकाकी सुरेख येते, यात वाद नाही. पण हा रंग थिनर उडाला की बसतो आणि थिनर लागला की उठतो. कायमचं असं त्याच्या स्वभावातच काही नाही.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त सर राहतात. त्यांच्या मते रंग हा प्रकारच अडाणीपणाचा. ‘ब्लूइंग करा,’ ते म्हणाले, आणि आम्ही उभ्यानं एक तास ऐकला. बंदुकीच्या पोलादावरची ती निळसर काळी झाक म्हणजे रंग नव्हेच, तो गंज आहे. तांबडा गंज लोखंड खात सुटतो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, अंगाला धरून बसतो आणि वर तेलाचा हात लावला की तांबड्याला फिरकू देत नाही. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळायचं आणि नळी त्यात बुडवायची. सरांचे डोळे चमकत होते. चाळीस वर्षं नळकांड्यातून वायू गोळा करून दाखवणाऱ्या माणसाला अखेर खरी नळी मिळाली होती. अडचण एवढीच की पिस्तुलाची नळी पोलादाची, पण मूठ आणि सांगाडा जस्ताच्या डायकास्टचा. उकळत्या कॉस्टिकमध्ये जस्त घातलं तर त्याचं ब्लूइंग होत नाही, विसर्जन होतं. सरांनी हे शेवटी सांगितलं. परीक्षेतही ते महत्त्वाचा भाग शेवटीच विचारत, असं त्यांचे विद्यार्थी म्हणतात.

मग उद्यमनगर. तिथल्या पावडर कोटिंगवाल्यानं पिस्तूल हातात तोललं. ‘भावा, पावडर मारू. भट्टीत १८०-२०० डिग्री, वीस मिनटं. नातवंडं खिळं ठोकतील याच्यानं, पर पावडर निघायची न्हाई.’ दाजी भलतेच खूश. ‘फकस्त आतलं वॉशर, रबर, स्प्रिंग, समदं काढून आणा.’ दाजी खुर्चीत मागं सरकले. दाबून बसवलेली स्प्रिंग साधनाशिवाय मोकळी केली तर ती आधी खोली बघून घेते आणि मग बसायची जागा ठरवते. त्यांच्या वडिलांनी एकदा केली होती. छताच्या गिलाव्याला तो खळगा अजून आहे, आणि घरात त्याकडं बघून बोलायची पद्धत नाही.

रात्री ह्यूस्टनहून दाजींच्या पुतण्याचा फोन. ‘काका, सिरॅमिक कोटिंग. नाइन एच हार्डनेस.’ फोन ठेवताच दाजींनी जाहीर केलं की नाइन एच म्हणजे जवळपास हिरा. तसं नाही. गाड्यांच्या कोटिंगवर आणि मोबाइलच्या काचेवर जो हा ९एच मिरवतो, तो शाळेच्या कंपासपेटीतला आहे. रंगाचं काठिण्य पेन्सिलीनं मोजतात. खरंच. ६बीपासून ९एचपर्यंतच्या पेन्सिली घ्यायच्या, टोक सपाट घासायचं, ४५ अंशांत धरून रंगावर दाबून ओढायच्या. जिच्यानं ओरखडा उठत नाही अशी सर्वांत कडक पेन्सिल म्हणजे त्या रंगाची पत. प्रयोगशाळांत ही चाचणी अगदी गांभीर्यानं करतात, आणि कारखान्यांचे सौदे तिच्यावर ठरतात.

हे कळल्यावर दाजींनी नातीची चित्रकलेची पेटी ताब्यात घेतली. फ्रिजचं दार, पंख्याचं पातं, कपाटाचा कोपरा, सगळ्यांची परीक्षा झाली. जिन्यात उभी असलेली स्कूटर ४एचला नापास झाली. ती स्कूटर कुणाची आहे हे आम्हाला तिच्या मालकांनी वर येऊन सांगितलं.

एवढ्या सगळ्या विद्वत्तेत एक शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघाला उद्यमनगरातल्याच एका रंगाऱ्याच्या तोंडून. मशिनांना बूथमध्ये स्प्रे मारायचं त्याचं काम. त्यानं पिस्तुलाकडं नीट पाहिलंही नाही. ‘घासलं का?’

‘रंग कुठला मारायचा ते विचारायला आलोय,’ दाजी म्हणाले.

‘रंग हाय की. कुठला बी मारा. घासलं का?’

रंग टिकतो की उडतो याचा निकाल डबा उघडायच्या आधी लागलेला असतो. हे दुकानदाराला ठाऊक असतं, गॅरेजवाल्याला ठाऊक असतं, सरांनाही असणार. पण घासणं ही फळीवर मांडता येणारी वस्तू नव्हे. त्यावर लाल मोटारीचं चित्र छापता येत नाही. पॉलिश पेपरची किंमत चहाएवढी, त्यामुळे त्याची शिफारस करण्यात कुणाचा मोठेपणाही दिसत नाही. आणि गिऱ्हाइकालाही ते ऐकायचं नसतं. त्याला ‘कायमचा’ हा शब्द पैसे देऊन हवा असतो. दंडात गोळे आणून नको असतो.

तर दाजी घासायला बसले. आधी १२० नंबरचा कागद, मग २४०, मग पाण्यात बुडवून ४००. वरचा काळा गेला तसा खालून हिरवा निघाला. ताई लगेच म्हणाली, ‘हा आपल्या वाड्याच्या खिडक्यांचा.’ बरोबर. वाड्याला ऑइलपेंट लावून उरलेला डबा सासऱ्यांनी वाया जाऊ दिला नव्हता. दळणाचा डबा, झोपाळ्याच्या कड्या, बंब आणि पिस्तूल एकाच दुपारी हिरवे झाले होते. हिरव्याखाली रुपेरी निघाला, तो वाड्याच्या लोखंडी गजांचा असावा. घराची सगळी रंगरंगोटी त्या वीतभर पिस्तुलावर सालवार नोंदवलेली होती. आणि हिरव्यावर वरचा काळा का सुरकुतला होता तेही उलगडलं: जुन्या ऑइलपेंटवर लॅकरचा फवारा बसला की त्यातला थिनर खालच्या थराला फुगवतो, आणि वरच्याची कातडी आकसते. लॅकरवर ऑइलपेंट चालतो, ऑइलपेंटवर लॅकर चालत नाही. घराण्यात हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

घासून झाल्यावर धुणं. तेलाचा अंश राहिला तर रंग तिथून अंग काढून घेतो आणि माशाच्या डोळ्याएवढी गोल गोल भोकं राहतात. पिस्तुलाला तर पिढ्यान् पिढ्या तेलच पाजलेलं. शिलाई मशीनचं, सायकलचं, आणि आजेसासूबाईंच्या काळात एकदा खोबरेल. भांड्यांचा साबण, मग थिनर, मग पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत परत थिनर. त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, रबरी मोजे घालायचे. दाजी पिस्तूल मोज्यांत धरून बसलेले असताना लाइटबिलवाला दारात आला आणि मीटर न बघताच सरासरीवर बिल लावून गेला.

जस्ताच्या गुळगुळीत डायकास्टवर साधा प्रायमर धरत नाही. त्याला एचिंग प्रायमर लागतो, ज्यातलं फॉस्फरिक आम्ल धातूला किंचित खाऊन रंगाला पाय रोवायला जागा करून देतं. तो एक पातळ हात दिला. नळीच्या तोंडात कानात घालायची कापूसकाडी, बिजागरीला आणि माशीला कागदी चिकटपट्टी. पाऊण-एक फुटावरून, बाहेर सुरू करून बाहेर संपवायचा फवारा. सगळं ठरलं आणि परतीचा पाऊस आला.

दमट हवेत स्प्रे मारायची घाई झालेल्यांना रंगावर पांढरी धुरकट साय दिसते, ती यामुळेच. द्रावण भराभर उडतं, उडताना पत्रा गार पाडतं, आणि हवेतलं पाणी तिथं येऊन बसतं. रंगारी म्हणाला, ऊन पडू द्या. खंडेनवमी आकाशाकडं बघून येत नाही, असं दाजींचं म्हणणं. पण ते थांबले, कारण तेवढ्यात रंगाच्या छटेवरून घरात फूट पडली.

ताईला काळा नको होता. ‘काळं केलं की ते खरं दिसतं.’ तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. इंग्लंडात २००६च्या कायद्यानं खऱ्यासारखी दिसणारी नकली हत्यारं बनवण्या-विकण्यावर बंधनं आहेत. खेळण्यातलं पिस्तूल ठळक केशरी, गुलाबी, जांभळं असेल तर ठीक, आणि तसं भडक खेळणं कुणी घरी बसून काळ्या स्प्रेनं खऱ्यासारखं केलं तर तोच गुन्हा. एका डब्यानं माणूस आरोपी. नातीनं त्यावर गुलाबीचा आग्रह धरला. ‘खंडेनवमीला गुलाबी पिस्तूल?’ दाजी म्हणाले. ‘लॅपटॉपला चालतंय की गुलाबी कव्हर,’ ताई म्हणाली. शेवटी काळाच ठरला, पण पिस्तूल घराबाहेर न्यायचं नाही या अटीवर.

अट मोडायला गच्चीतच सोय होती. ऊन पडल्यावर प्रायमर मारलेलं पिस्तूल दाजींनी कपडे वाळत घालायच्या तारेला, दोन साड्यांच्या मध्ये अडकवलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला, हात जोडले आणि आत जाऊन दार लावलं. संध्याकाळी त्यांच्या मुलानं येऊन विचारलं, ‘दाजी, सगळं ठीक आहे ना घरी?’

रंग रंगाऱ्याच्या सांगण्यावरून टू-के घेतला. साधा स्प्रे नुसता वाळतो. टू-केच्या डब्यात हार्डनरची वेगळी कुपी असते आणि दोन्ही मिसळले की रंग रासायनिक रीतीनं कडक होतो. मग तेल, पेट्रोल, घाम, कशालाही तो फारशी दाद देत नाही. त्यानं दम भरून दोन गोष्टी बजावल्या. यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना वाईट, तेव्हा कोरोनातला कापडी मास्क कामाचा नाही; कार्ट्रिजचा मास्क, मोजे, आणि उघडी हवा. बाकीच्यांना गच्चीत पाय ठेवू द्यायचा नाही. स्वतःचा मास्कही त्यानं देऊ केला. दुसरी गोष्ट, आठ दिवस हळदकुंकू लावायचं नाही. हळदीचा डाग कच्च्या रंगात बसला तर तोच कायमचा. तिसरी गोष्ट त्यानं आम्ही जिना उतरत असताना वरून ओरडून सांगितली. बुडाचं बटण दाबून एकदा कुपी फोडली की एक-दोन दिवसांत डब्यातला रंग डब्यातच दगड होतो. उरवून ठेवायचा प्रकार नाही.

डबा ४०० मिलीचा. पिस्तुलाला तीन पातळ हात देऊन त्यातला आठवा हिस्साही संपला नाही.

दाजी मास्क वर सरकवून डब्याकडं बघत राहिले. घराण्याचं रक्त जागं झालं. उरलेला रंग वाया घालवणं त्यांच्या वडिलांना जमलं नव्हतं, त्यांना कसं जमावं? मग गच्चीच्या दाराशी एकेक वस्तू येऊ लागली. गेटाची कडी, टपालपेटी, सायकलचं कॅरिअर, कुंडीचं स्टँड, गॅसची ट्रॉली. यातलं काहीही घासलेलं नव्हतं, आणि आता तो शब्द काढायची कुणाची हिंमत नव्हती. ताईनं पितळी समई आणि पाटाखालचा खलबत्ता आपल्या माहेरच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

बातमी जिन्यानं खाली गेली. सर त्यांचा बन्सेन बर्नरचा तिवई-स्टँड घेऊन आले आणि रंग किती तकलादू असतो यावर बोलत रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागं स्कूटरचे मालक होते, हातात साइड पॅनल, त्यावर ४एचची रेघ. ते काही बोलले नाहीत, दाजींनीही विचारलं नाही. त्यांच्या मागं समोरच्या आजींचा मुलगा, आईची काठी घेऊन. अंधार पडत आला तशी रांगेतून विचारणा सुरू झाली, ‘उरलाय का हो?’ दाजींनी मास्कमधूनच डबा उंच धरून हलवला. आतली गोळी खणखणीत वाजली. रिकाम्या डब्यातही ती तेवढीच वाजते, पण हे ठाऊक असलेला गच्चीवरचा दुसरा माणूस मीच होतो, आणि माझ्या काखेत आमच्या बाथरूमचा टॉवेल-रॉड होता.